सवतीचा टाक

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे, आणि खरं सांगायचं तर अजून संपलेली नाही.

या पेजवर मी इतरांचे अनुभव नेहमी वाचते. बहुतेकांत मध्यरात्र असते, अमावस्या असते, आडरानात बंद पडलेली गाडी असते. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. पौर्णिमा होती. सूर्यसुद्धा पुरता बुडाला नव्हता. म्हणून तर मी गाफील राहिले.

गेल्या वर्षीची वैशाख पौर्णिमा. आदिलाबाद जिल्हा, भीमपूर मंडल, पैनगंगेच्या अलीकडे आमचं गाव. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. फक्त एकीचं नाव तेच ठेवलं आहे.

दीक्षाचं.

तिचं नाव बदलायची माझी हिंमत झाली नाही.

मी प्रगती. माहेर भैंशाचं. लग्नाआधी एका जिनिंगच्या ऑफिसात हिशेबाला होते. स्थळं येत होती, जात होती. शेवटी वडिलांनी मला बिजवराला दिलं. माझे मिस्टर हर्षदीप सरकारी शाळेत मराठीतून समाजशास्त्र शिकवतात. माणूस सज्जन. दारू नाही, विडी नाही, आवाज चढवणं नाही.

पण बोलणंही नाही.

"जेवली का?" "मीठ बरोबर हाये." "कडी लावली न?" एवढंच आमचं दिवसभराचं बोलणं. त्यापुढे माणूस भिंतीकडे बघत पडून राहायचा.

आधी मला वाटलं, स्वभावच असेल. मग सासूबाईंनीच एकदा सांगून टाकलं. त्यांचं नाव भागीरथा, मी त्यांना आत्याबाई म्हणते.

"दीक्षा होती तवा दोघं अर्ध्या रात्रीपर्यंत बोलत बसायचे, माय. हसनं काय, भांडनं काय. आमाले झोप नाही येऊ द्यायचे."

दीक्षा म्हणजे यांची पहिली बायको. त्याच शाळेत शिकवायची. कावीळ झाली आणि गेली. मूलबाळ नव्हतं. बैठकीत बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या फोटोखाली तिचा फोटो आहे. रोज सकाळी त्यावरची धूळ मी पुसायची.

हेवा म्हणतात तसलं काही मला वाटत नव्हतं. मी जळत होते. सरळ सांगते. जिवंत सवत असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. मेलेल्या बाईशी भांडायचं कसं? तिची भाकर करपत नाही, तिचे केस पिकत नाहीत, ती कधी चुकीचं बोलत नाही.

मला एकच हवं होतं. या माणसानं एकदा तरी माझ्याशी तसं बोलावं.

शेजारच्या जयवंताबाईंना माझी अवस्था दिसत होती. त्या शेतकरी घरच्या, देवाधर्माच्या. एक दिवस वाती वळता वळता म्हणाल्या, "पोरी, दुसरेपनावर आली तू. सवतीचा टाक काऊन नाही घातला?"

मला कळलं नाही.

"चांदीचा टाक. पयल्या बायकोच्या नावानं करायचा अन् गळ्यात घालायचा. मेलेलीच्या नावानं जितीनं घालायचा. मंग ते शांत होते. संसारात येत नाही मधात."

आत्याबाई ओट्यावरच होत्या. त्या ताडकन् म्हणाल्या, "आमच्यात नाही ते, जयवंताबाई. बाबासाहेबानं सोडवलं ते सारं आमाले. पोरीच्या डोक्यात काही भरवू नका."

मीही हसले. मेलेल्या बाईला कसलं भ्यायचं, म्हटलं, इथे जिवंत नवऱ्याचीच पंचाईत आहे.

तेव्हा हसले मी.

आता त्या जागेबद्दल सांगते.

गावाबाहेर नदीकडच्या शिवारात विटांचं एक मोठं गोल टेकाड आहे. जुनी माणसं त्याला उंडा म्हणत. कणकेचा उंडा ठेवावा तसं दिसतं म्हणून. गुरं त्याच्यावर चढायची, पोरं घसरगुंडी करायची. पुढे सरकारनं निळी पाटी लावली, पण ती वाचून गावाला नीट समजावलं ते दीक्षानं. हा स्तूप आहे, म्हणाली. आपल्या माणसांचा आहे. याच्यावर बसत नसतात, याच्याभोवती फिरत असतात.

तेव्हापासून गावात रीत पडली. वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना झाली की सगळ्यांनी स्तूपाकडे जायचं आणि प्रदक्षिणा घालायची. बाया सगळ्या पांढऱ्या साड्यांत. पुरुष पांढऱ्या सदऱ्यांत.

त्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी ट्रंकेतून एक पांढरी साडी काढली. बारीक निळ्या काठाची.

"हे नेस. चांगली हाये. दोनदाच नेसली होती तिनं."

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "मी आदिलाबादहून नवी आणली आहे." आणि ती साडी माझ्या हातानं घडी घालून ट्रंकेत परत ठेवली. तळाशी. हे लक्षात ठेवा.

आणखी एक. आठवडाभर मी चोरून मोबाइलवर स्तूपांचे व्हिडिओ पाहत होते. पाठ केलं होतं सगळं. खालचा गोल चौथरा म्हणजे मेधी. वरचा घुमट म्हणजे अंड. त्याच्यावर चौकोनी कठडा, ती हर्मिका, आणि मधोमध दगडी छत्र्यांचा दांडा. भोवतीच्या दगडी कुंपणाला वेदिका म्हणतात. आपल्या तेलंगणा-आंध्राकडच्या स्तूपांना चारी दिशांना एकेक ओटा काढलेला असतो, त्यावर पाच खांब. आयक-खांब म्हणतात त्यांना. जन्म, गृहत्याग, बोधी, पहिलं प्रवचन, महापरिनिर्वाण, या पाच घटनांचे ते पाच खांब. आणि विटांचं काम आतून गाडीच्या चाकासारखं असतं, आरे घातल्यासारखं. त्या आऱ्यांमध्ये माती भरलेली.

सगळ्यात चमत्कारिक म्हणजे स्तूपाला दार नसतं. आत जाताच येत नाही. आत काय जपून ठेवलं आहे, त्याच्याभोवती नुसतं फिरायचं.

हे मला आधीच माहीत होतं म्हणा. मी लग्न झाल्यापासून तेच करत होते.

संध्याकाळी आम्ही गाडीवरून निघालो. हीच वेळ, असं ठरवून मी मागून सुरुवात केली. "अहो, हर्मिका म्हणजे काय माहीत आहे का..."

ते पुढे बघतच म्हणाले, "दीक्षा ते लय छान सांगायची."

बस.

माझं तोंड मिटलं ते मिटलंच.

पोचलो तेव्हा बाकीची मंडळी प्रदक्षिणा करून परत निघाली होती. विहारात खीर आणि जेवण होतं. ट्रॅक्टर भरून बाया-पोरं गेली, धूळ खाली बसली, आणि तिथे आम्ही दोघंच उरलो. पश्चिमेला सूर्य टेकलेला. पूर्वेला चंद्र, मोठा, मातकट.

वेदिकेचे थोडेच खांब शिल्लक आहेत. त्यांच्या बाहेर एक मोहाचं झाड. त्याखाली चपला काढायच्या. यांनी चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटले आणि चालू लागले. मी त्यांच्या पाठीला म्हटलं, "तुम्ही या फिरून. मी बसते इथेच."

त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. ऐकलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

मी चपलांजवळ फतकल मारून बसले. फुगून.

ते वळणाआड गेले. पावलांचा आवाज हळूहळू दूर गेला...

आणि मग मला त्यांचा आवाज आला.

आधी वाटलं, त्रिशरण म्हणत असतील. पण म्हणण्याचा सूर नव्हता तो. बोलण्याचा होता. थांबत थांबत. समोरचं माणूस बोलतं तेव्हा आपण थांबतो ना, तसं.

मी कान टवकारले.

दुसऱ्या कुणाचा आवाज येत नव्हता. पण ते थांबले की...

रातकिडेही थांबत होते.

मग ते हसले.

मोठ्यानं, मोकळं हसले. लग्न झाल्यापासून तो आवाज मी ऐकला नव्हता. माझ्या अंगावर काटा आला, पण भीतीनं नाही. कुणाबरोबर हसतो आहे हा माणूस?

ते वळणावरून पुढे आले. एकटेच होते. स्तूप उजव्या हाताला ठेवून चालले होते, रीतीप्रमाणे. पण...

वाटेच्या अगदी बाहेरच्या कडेनं चालले होते.

त्यांच्या आणि स्तूपाच्या मधे जागा होती. एक माणूस चालेल एवढी. आणि त्यांची मान त्या जागेकडे कललेली.

माझ्यासमोरून गेले. माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या फेरीलाही तसंच. तिसऱ्या फेरीला मात्र ते वळणाआड गेले आणि आलेच नाहीत. नुसतं बोलणं येत राहिलं. हळू, जवळिकीचं. नवरा-बायको दिवा मालवल्यावर बोलतात तसं.

मला सहन होईना. गावातली कुणी बाई मागे राहिली असेल, म्हटलं. पांढरी साडी नेसून आली असेल. आज पकडतेच.

गोल जागेची एक गंमत असते. सगळे एकाच दिशेनं चालतात, म्हणून पलीकडचं माणूस कधी दिसत नाही. पण उलट दिशेनं गेलं की गाठ पडणारच. तिसरा रस्ताच नसतो.

मी उठले आणि उलटी निघाले. स्तूप डाव्या हाताला ठेवून. असं कुणी करत नाही. आमच्यातलं लहान मूलही करणार नाही. पण मी केलं.

विटा दिवसभराच्या उन्हानं तापलेल्या होत्या. तळवे भाजत होते. यांचा आवाज समोरून येत होता. जवळ येत होता. उत्तरेचा ओटा गेला. पश्चिमेचा गेला. आता पुढच्या वळणावर ते भेटणार...

वळण गेलं. कुणी नाही.

आवाज मात्र आता माझ्या मागून येत होता.

मी थांबले. ते माझ्यासमोरून आले नव्हते. वाट तेवढीच रुंद, एका बाजूला विटांची भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं शिवार. ते मला ओलांडून गेलेच कसे?

आणि माझ्या पायाखालची वीट...

गार होती.

तेवढीच जागा. पुढे-मागे सगळं तापलेलं, आणि तेवढीच माठाखालच्या जमिनीसारखी गार.

मी धावतच मोहाखाली आले. तिथे हे उभे होते. चेहरा उजळलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "अशी मागं काऊन राह्यली वो? आत्ता तं हात सोडला."

मी त्यांच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"ते खांबाचं काय बोलली तू, प्रगती! घर सोडून जानाऱ्याचा खांब हाये, पन घरात मागं राह्यली तिचा खांब कोनता? मी इतके वर्षं पोरायले शिकवून राह्यलो, मले नाही सुचलं कधी." मग जरा थांबून, हळू म्हणाले, "दीक्षालेपन नाही."

दीक्षालेपन नाही.

हे ऐकण्यासाठी मी किती तडफडले होते, ते तुम्हाला नाही कळायचं.

मी म्हणू शकले असते, अहो, मी इथेच बसले होते. तुमच्याबरोबर मी नव्हते. शब्द ओठांवर आलेही होते.

पण मी म्हटलं, "सुचलं सहज."

घरी येईपर्यंत ते बोलत होते. जेवताना बोलले. अंथरुणावर पडल्यावर बोलले. मला प्रगती म्हणून हाक मारून बोलले. शेवटी म्हणाले, "तुझा हात लय थंडा होता आज."

सकाळी आत्याबाई विहारात गेल्यावर मी ट्रंक उघडली. का उघडली, सांगता येत नाही.

निळ्या काठाची साडी तळाशीच होती. घडी माझीच. पण काठाला...

विटकरी धूळ लागलेली होती. टाचेपाशी लागते तशी, गोल.

माझ्या नव्या साडीलाही तशीच धूळ होती. एका घरातल्या दोन साड्या. मी दोन्ही धुतल्या. सवतीची साडी धुताना रडू आलं. भीतीचं होतं की रागाचं, देव जाणे. म्हणजे आमच्यात देव नाही, पण बोलायची सवय.

पुढच्या पौर्णिमेला हे स्वतःच म्हणाले, "जाऊ न?"

त्या वेळी मी ठरवलं, आज आपणच बरोबर चालायचं. चालले. त्यांच्या उजव्या हाताला, स्तूपाला लागून. मेधी, अंड, हर्मिका, सगळं बोलून दाखवलं. ते नुसते "हं" म्हणत राहिले. घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुन्हा तेच. जेवली का, मीठ बरोबर हाये, कडी लावली न.

म्हणून त्याच्या पुढच्या पौर्णिमेला मी चपलांजवळ बसले.

आणि ते हसत परत आले.

आता मला वेळापत्रक कळलं होतं. पौर्णिमेनंतर काही दिवस ते माझे असतात. भरभरून बोलतात. चंद्र उतरत गेला की त्यांचं बोलणंही कमी होत जातं. मग पुन्हा पौर्णिमा. ती बोलते, मी ऐकते. ती पेरते, मी खाते. उष्टं खाते आहे हे मला कळत होतं. पण उपाशी राहिलेल्या माणसाला विचारा, उष्टं म्हणजे काय.

मध्ये एकदा मी घाबरून माहेरी गेले आणि भैंशाच्या सोनाराकडून चांदीचा टाक करून आणला. कुणाला कळू दिलं नाही. आत्याबाईंना कळलं असतं तर घरात उभं केलं नसतं. टाक मी ज्वारीच्या कोठीत खोल खुपसून ठेवला.

गळ्यात घातला नाही.

कितीदा बाहेर काढला आणि परत ठेवला. कारण तो घातला तर ती जाईल. आणि ती गेली तर हे माझ्याशी कशाला बोलतील? सांगा ना. घालवू तिला? तिच्याशिवाय मी या घरात कोण आहे?

तर असे महिने गेले. मागच्या पौर्णिमेलाही गेलो. हे फिरले, मी बसले. परत आलो. जेवताना त्यांनी भाकर मोडता मोडता विचारलं, "एक इचारू?"

"विचारा ना."

"थ्या मोहाखाली, चपलायपाशी, दरवेळेस एक बाई बसून राह्यते. पांढऱ्या साडीतली. आपल्याकडंच पाह्यते. कोन वो ते?"

माझ्या हातातलं पळीभर वरण खाली सांडलं.

"तुम्हाला... दिसते?"

"पयल्या दिवसापासून दिसते. तूच तं म्हनली न, तिच्याकडं पाहू नका. पाह्यलं तं थे बाई मागं येईन म्हनली."

मी सांडलेलं वरण फडक्यानं पुसू लागले.

ते हात धुवायला उठले. जाता जाता म्हणाले, "अन् गळ्यातलं थे चांदीचं नवं केव्हा केलं? चांगलं दिसून राह्यलं होतं तुले."

माझा हात गळ्याशी गेला. काळी पोत. बाकी काही नव्हतं.

मी कोठीपाशी गेले. झाकण काढलं. खांद्यापर्यंत हात घातला. मग सगळी ज्वारी चादरीवर ओतली. मूठ मूठ चाळून पाहिली.

टाक नव्हता.

मेलेलीच्या नावानं जितीनं घालायचा. जयवंताबाई असंच म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून मी रात्रंदिवस तेवढाच विचार करते आहे. उद्या पुन्हा पौर्णिमा आहे. हे सगळं मी मोबाइलवर बैठकीत बसून लिहिते आहे. हे समोरच्या खुर्चीत पेपर वाचत बसले आहेत. आमच्यात हातभर अंतर आहे.

आत्ताच त्यांनी हाक मारली. "प्रगती, उद्या जायचं न?"

मी मान वर केली.

हाक मारताना ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते.